अठ्ठेचाळीस ओळींचा दादरा : जुन्या ४८६ संगणकावर ट्रॅकरने रचना करताना

१३ जानेवारी २०२५ रोजी मी जुन्या संगणकासाठी शाळेत अर्ज दिला आणि २८ सप्टेंबर २०२५ रोजी, नवरात्रात, माझी पहिली ट्रॅकररचना पूर्ण झाली. मधल्या साडेआठ महिन्यांत काय घडले, किती थांबावे लागले आणि कोठे चुकले हे क्रमाने लिहून ठेवत आहे. माझ्यासारख्या संगीत येणाऱ्या पण संगणक बेताचाच येणाऱ्या माणसाला सुरुवातीला कोणाला विचारावे तेच कळत नाही. मी अमळनेरला राहते आणि हार्मोनियमच्या शिकवण्या घेते.

ट्रॅकर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगते. १९८७ साली जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर हा प्रोग्रॅम लिहिला. अमिगाच्या ध्वनिचिपमध्ये चार स्वतंत्र वाहिन्या होत्या, म्हणून पडद्यावर चार उभे रकाने आले. काळ वरून खाली सरकतो, प्रत्येक आडवी ओळ म्हणजे काळाचा एक तुकडा, आणि त्या ओळीत कोणता स्वर, कोणते वाद्य, किती आवाज आणि कोणती क्रिया हे अक्षरे-आकड्यांत लिहायचे. आपली स्वरलिपी डावीकडून उजवीकडे जाते; तीच वही उभी फिरवली की ट्रॅकर होतो. वाद्याचा आवाज म्हणजे आपणच ध्वनिमुद्रित केलेला छोटा तुकडा, ज्याला सॅम्पल म्हणतात. पुढे हीच पद्धत डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणाऱ्या, संगणकांवर आली. फिनलंडच्या फ्यूचर क्रूचा स्क्रीम ट्रॅकर, स्वीडनच्या ट्रायटन गटाचा १९९४ चा फास्ट ट्रॅकर २ आणि ऑस्ट्रेलियातील जेफ्री लिम यांचा १९९५ चा इम्पल्स ट्रॅकर ही त्यातील ठळक नावे.

तालुक्यातील एका जुन्या शाळेच्या भांडारात ४८६ जातीचा, म्हणजे १९९०च्या दशकातील, एक संगणक अनेक वर्षे पडून असल्याचे मला ठाऊक होते. तो विकत मिळेल अशा समजुतीने मी अर्ज केला. दहा दिवसांनी लिपिकांनी बोलावून समजावले की यंत्र जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवहीत आहे, त्याचे निर्लेखन झालेले नाही, म्हणजे ते नोंदवहीतून कमी केलेले नाही, आणि झाले तरी १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांमुळे ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावे लागेल, असे कार्यालयाचे मत आहे. मी निराश होऊन उठले होते. तेवढ्यात त्यांनीच मार्ग सुचवला : विक्री नको, सांस्कृतिक उपयोगासाठी एक वर्ष वापरायला मागा. दुसरा अर्ज २७ जानेवारीला दिला. शालेय समितीची सभा २२ फेब्रुवारीला झाली आणि ठरावाची प्रत ५ मार्चला हाती आली. त्यानंतर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर हमीपत्र, त्याला २०० रुपये नोटरी, ओळखपत्राची साक्षांकित प्रत, आणि पेटाऱ्यावर रंगवलेला जडसंग्रह क्रमांक खोडणार नाही असे लेखी. ११ मार्चला यंत्र घरी आले. कोणाला असे यंत्र मागायचे असेल तर पहिल्याच अर्जात ‘वापरासाठी, परत करण्याच्या अटीवर’ असे लिहावे. माझे दोन आठवडे त्या एका वाक्याअभावी गेले.

आणल्याबरोबर वीज जोडू नये, हे मी वाचून ठेवले होते आणि ते पाळले याचे आजही समाधान वाटते. झाकण उघडल्यावर मदरबोर्डच्या कोपऱ्यात पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी दिसली आणि तिच्याभोवती हिरवट-निळी भुकटी जमलेली होती. त्या काळातील अनेक बोर्डांवर अशी निकेल-कॅडमियम बॅटरी डाखलेली असते; ती कालांतराने पाझरते आणि तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते. मी बोर्ड घेऊन जळगावला गोलाणी मार्केटमधील एका दुरुस्ती करणाऱ्या दादांकडे गेले. त्यांनी बॅटरी कापून काढली, पाझर अल्कधर्मी असल्यामुळे आधी पांढऱ्या व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसली, एक तुटलेली रेषा बारीक तारेने जोडली आणि बाहेरच्या बॅटरीसाठी असलेल्या चार पिनांवर नवी बॅटरी लावून दिली. सगळ्याचे मिळून ८०० रुपये घेतले. वीजपुरवठ्याच्या दोन जोडण्या बोर्डावर शेजारीशेजारी बसतात. त्या बसवताना काळ्या तारा मधोमध आल्या पाहिजेत, उलट बसल्या तर बोर्ड जळतो, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. मॉनिटर मात्र कोणीही घरी उघडू नये. त्यात बंद असतानाही जीवघेणा विद्युतदाब साठलेला असू शकतो.

यंत्रात ध्वनिकार्ड नव्हते. साउंड ब्लास्टर १६ हे जुने कार्ड मुंबईच्या एका विक्रेत्याकडून कुरिअरसह २,३५० रुपयांना मिळाले, तेही सतरा दिवसांनी. घेताना जंपर, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या, असलेले कार्ड मुद्दाम मागितले, कारण त्यात कार्ड संगणकाशी ज्या क्रमांकांनी बोलते ते हातानेच बसवता येतात. पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ आणि उच्च डीएमए ५ असे ठेवले. आयआरक्यू ७ शक्यतो टाळावा, कारण तो बहुधा प्रिंटरच्या पोर्टकडे असतो. यंत्र सुरू होताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये ‘सेट ब्लास्टर’ या ओळीत हेच आकडे लिहिले नाहीत तर बरेच प्रोग्रॅम कार्ड ओळखत नाहीत.

मूळ हार्ड डिस्क खडखडत होती. ती शाळेची वस्तू म्हणून काढून, कागदात गुंडाळून, क्रमांक लिहून ठेवली आणि तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड व आयडीई अडॅप्टर बसवले. दोन्ही मिळून १,१०० रुपये. जुन्या बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) ५०४ एमबीच्या पुढची डिस्क नीट कळत नाही, म्हणून २५६ एमबीचे कार्ड घेतले आणि ते संगीतासाठी भरपूर झाले. हे कार्ड यंत्र चालू असताना कधीही ओढून काढू नये. नंतर सिरियल माउस २०० रुपयांना मिळाला. डॉस ६.२२ टाकून, माउसचा ड्रायव्हर चढवून, १९ एप्रिलच्या पहाटे पडद्यावर पहिल्यांदा सी-प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहिण्याची ओळ, आला तेव्हा मी आईला झोपेतून उठवून दाखवला.

वेळ पहाटेची का, तर आमच्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि पत्र्याच्या पेटाऱ्यातील तीस वर्षांच्या यंत्राला ते सोसवत नाही. साडेपाच ते साडेआठ एवढेच काम करायचे, मग झाकण घालून बंद, असा नियम मी जून संपेपर्यंत पाळला.

सुरुवात इम्पल्स ट्रॅकरपासून केली. तो सॅम्पलसाठी ईएमएस प्रकारची (डॉसमधील वाढीव) स्मृती वापरतो आणि माझ्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘नो-ईएमएस’ असा शब्द होता, त्यामुळे सॅम्पल चढेचनात. ‘नो-ईएमएस’ काढून ‘रॅम’ लिहिल्यावर ते चढले, पण तोवर तीन पहाटा गेल्या होत्या. इम्पल्स ट्रॅकर उत्तम आहे, मात्र तो सगळा कीबोर्डवर चालतो; मला डोळ्यांसमोर बटणे हवी होती, म्हणून मी फास्ट ट्रॅकर २ कडे वळले. ज्यांना जुने यंत्र घ्यावे की नाही याची खात्री नाही त्यांनी आधी लॅपटॉपवर मिल्कीट्रॅकर वापरून पाहावा. तो मोफत आहे आणि त्याची मांडणी फास्ट ट्रॅकर २ सारखीच आहे. तेथे एक महिना रमलात तर मगच अर्ज-मुद्रांकाच्या वाटेला जावे.

हार्मोनियम वाजवणाऱ्याला ट्रॅकरमध्ये पहिला आनंद कीबोर्डवर मिळतो. खालच्या रांगेतील झेड हा सा, एक्स रे, सी ग, व्ही म, बी प, एन ध आणि एम नी. त्यांच्या वरच्या रांगेत एस कोमल रे, डी कोमल ग, जी तीव्र म, एच कोमल ध, जे कोमल नी. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या जशा बसतात तशाच या दोन रांगा बसतात. क्यूपासून वरचे सप्तक सुरू होते. स्पेसबार दाबल्यावर लेखन सुरू होते, उजवा कंट्रोल पूर्ण रचना वाजवतो आणि उजवा आल्ट फक्त समोरचा पॅटर्न, म्हणजे रचनेचे एक पान. पहिले आठ दिवस मी काहीही रचले नाही, विद्यार्थ्यांना देते तेच अलंकार या कळांवर वाजवले. ते दिवस वाया गेले नाहीत.

त्यानंतर आखाजी आली. २०२५ मध्ये ती ३० एप्रिलला होती. खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते आणि झाडाला झोके बांधले जातात. आमच्या दारातील निंबाला दरवर्षी झोका असतो आणि त्यावर आत्या व माझ्या बहिणी गाणी म्हणतात. माझ्या रचनेचा विषय तेथे ठरला. मी कोणतेही गाणे उचलले नाही, चाल माझी आहे. पण लय त्या झोक्याची आहे, आणि हे अगदी मोजून आहे. मोबाइलवर मी झोक्याच्या दहा पूर्ण फेऱ्या मोजल्या, त्यांना ३६ सेकंद लागले. दोर साधारण साडेदहा फूट आहे आणि झोक्याचा वेग मुख्यतः दोराच्या लांबीवर ठरतो, त्यामुळे आत्या बसो की धाकटी भाची, फेरीचा वेळ जवळजवळ तोच राहतो. एक फेरी ३.६ सेकंदांची. ती दादऱ्याचे एक आवर्तन धरली तर सहा मात्रांना ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा. ट्रॅकरमध्ये गती, म्हणजे एका ओळीतील टिक या सूक्ष्म तुकड्यांची संख्या, ६ ठेवून एका मात्रेला चार ओळी दिल्या की बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके याचा) आकडा हाच मात्रांचा वेग होतो. मी बीपीएमच्या चौकटीत १०० लिहिले आणि झोका संगणकात आला.

येथे षोडशमान पद्धत शिकावी लागते, कारण ओळींचे क्रमांक नऊनंतर ए ते एफ असे जातात आणि मग १० येते, जे प्रत्यक्षात सोळा असते. मला हे फार जड गेले. शेवटी मी पुठ्ठ्याची एक पट्टी करून पडद्याच्या कडेला लावली : धा ००, धी ०४, ना ०८, धा ०सी, ती १०, ना १४. ‘खाली’ (टाळी नसलेली मात्रा) ०सीवर येते आणि दुसऱ्या आवर्तनाची सम १८वर. पॅटर्न सहसा ६४ ओळींचा असतो. तीनताल असता तर सोळा मात्रा गुणिले चार असा तो चपखल बसला असता. दादऱ्याची दोन आवर्तने मात्र ४८ ओळींची होतात. फास्ट ट्रॅकर २ मध्ये पॅटर्नची लांबी बदलता येते, तेथे ३० लिहावे, कारण षोडशमानात ३० म्हणजे ४८. अमिगावरील प्रोट्रॅकरमध्ये लांबी पक्की असते, तेथे शेवटच्या हव्या असलेल्या ओळीत, म्हणजे २एफवर, डी०० लिहून पॅटर्न तोडावा लागतो. सात मात्रांच्या रूपकासाठी हाच हिशेब दोन आवर्तनांना ५६ ओळी, म्हणजे ३८ असा येतो. ताल आधी कागदावर मांडून मगच यंत्रासमोर बसावे असे माझे ठाम मत आहे. ज्या दिवशी मी वही न करता बसले त्या दिवशीचे सगळे नंतर पुसावे लागले.

मे आणि जून सॅम्पल तयार करण्यात गेले. एकूण कामाचा निम्म्याहून अधिक भाग हाच आहे. पेटीचा एकच स्वर घेऊन तो सगळ्या सप्तकात ताणला तर चार-पाच पट्ट्यांपलीकडे आवाज खोटा वाटू लागतो, वर पातळ आणि खाली घोगरा. म्हणून पेटीच्या पांढरी एक या पट्टीवर सा धरून मंद्र प, मध्य सा, मध्य प आणि तार सा असे चार तुकडे घेतले. फास्ट ट्रॅकर २ मध्ये एका वाद्यात सोळापर्यंत सॅम्पल ठेवून कोणत्या पट्टीला कोणता हे ठरवता येते. मोबाइलवर मुद्रण केले, लॅपटॉपवर ऑडॅसिटीत मोनो, २२,०५० हर्ट्‌झ, आठ बिट केले आणि कार्डवरून जुन्या यंत्रात नेले. या मापाने एका सेकंदाला सुमारे २२ केबी लागतात, त्यामुळे प्रत्येक सेकंद विचार करून ठेवला जातो. नावे आठ अक्षरांच्या आत असावीत. लांब नावाची फाइल डॉसमध्ये अर्धवट नावाने दिसते आणि मग कोणती कोणती ते कळत नाही.

पेटीचा स्वर लांबवण्यासाठी सॅम्पलचा मधला भाग फिरता ठेवतात, त्याला लूप म्हणतात. भात्याचा दाब जेथे स्थिर आहे तोच भाग घ्यावा आणि लाट शून्यरेषेला जेथे छेदते तेथेच लूपची दोन्ही टोके ठेवावीत, नाहीतर प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा आवाज येतो. मला साधा लूप जमेना, पुढे-मागे फिरणारा पिंग-पाँग लूप पहिल्याच प्रयत्नात बसला. ढोलकीचे घे, ना आणि तिं हे बोल वेगवेगळे घेतले. झोक्याच्या कडीची ‘कर्र’ही घेतली, दुपारी सगळे झोपल्यावर, एकटीने झोका हलवून. आत्या जागीच होत्या. त्यांनी खिडकीतून विचारले, ‘‘हाई मशीन गानं म्हनस का?’’ आधी शिकवावे लागते, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी झोक्यावर बसून एक लांब ‘ओ’ काढून दिला. तोही रचनेत आहे, त्यांच्या परवानगीने.

जुलैपासून प्रत्यक्ष रचना. आठच वाहिन्या वापरायच्या असे ठरवले. साउंड ब्लास्टर १६ सगळ्या वाहिन्यांचे मिश्रण स्वतः करत नाही, ते काम प्रोसेसरवर पडते, आणि ६६ मेगाहर्ट्‌झच्या यंत्रावर वाहिन्या वाढल्या की पडदा अडखळू लागतो. मिश्रणाचा दर २२ किलोहर्ट्‌झवर ठेवून इंटरपोलेशन (आवाज गुळगुळीत करण्याची सोय) बंद केले की यंत्र मोकळा श्वास घेते. पहिल्या वाहिनीत आधारस्वर, दोन आणि तीनमध्ये पेटी, चार-पाचमध्ये ढोलकीचे दोन हात, सहामध्ये टाळ, सातमध्ये झोक्याची कडी. आठवीत दुसऱ्या वाहिनीची नक्कल तीन ओळी खाली सरकवून, आवाज षोडशमानातल्या १० एवढा कमी ठेवून लिहिली. त्यामुळे अंगणात गायल्यासारखा प्रतिध्वनी मिळतो आणि प्रोसेसरवर वेगळा भार पडत नाही.

मींड हा माझ्या काळजीचा विषय होता, कारण पेटीवर ती निघत नाही आणि येथे निघते. नवा स्वर लिहून त्याच ओळीत तीनची क्रिया दिली की आधीचा स्वर न तुटता नव्या स्वराकडे सरकतो, आणि पुढच्या ओळींतही तीच क्रिया लिहीत जावी लागते. ३०२ दिले तर रेवरून गवर जायला साधारण तीन ओळी लागतात, ३०४ दिले तर दोन ओळींच्या आतच पोचते. रेषीय वारंवारतेची पद्धत निवडलेली असेल तरच हा हिशेब सगळ्या सप्तकांत सारखा राहतो. आंदोलनासाठी चारची क्रिया आहे. पहिल्या आठवड्यात मी ती सगळीकडे लावली आणि सगळी रचना थरथरू लागली, मग फक्त कोमल गवर ठेवली. ढोलकीला माणसाचा हात लागल्यासारखे वाटावे म्हणून दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेचा आवाज ४० ऐवजी २८ केला आणि काही ठिकाणी ईडी१ देऊन बोल एका टिकने, म्हणजे माझ्या गतीला २५ मिलिसेकंदांनी, उशिरा आणला. एवढ्याशा उशिराने ठेका जिवंत होतो, हे कानाने पटल्याशिवाय मी कधीच मानले नसते.

१४ ऑगस्टच्या पहाटे फाइल साठवत असतानाच वीज गेली. फाइल उघडेना. अकरा पॅटर्नपैकी वहीत सातच उतरवलेले होते, बाकीचे चार गेले ते गेलेच. दोन दिवस मी यंत्राकडे फिरकले नाही. नंतर घरातील जुना यूपीएस जोडला आणि दर वेळी नव्या क्रमांकाने साठवायचे, एक प्रत कार्डवर आणि एक फ्लॉपीवर, अशी शिस्त लावून घेतली. गेलेले चार पुन्हा लिहिताना दोन वेगळेच झाले. ते आधीच्यापेक्षा चांगले आहेत की नाही हे सांगता येत नाही, कारण तुलनेला आधीचे उरलेले नाहीत.

२८ सप्टेंबरला शेवटचा पॅटर्न बसला. क्रमात चोवीस पॅटर्न आहेत, प्रत्येक ७.२ सेकंदांचा, म्हणजे एकूण दोन मिनिटे त्रेपन्न सेकंद. सॅम्पलसह फाइल ५९० केबीची, एका फ्लॉपीत मावते. खर्च ५,१५० रुपये झाला, त्यात जळगावच्या गाडीभाड्याचा हिशेब नाही. सायंकाळी ओट्यावर स्पीकर ठेवून आईला आणि आत्यांना ऐकवले. आत्या मध्येच म्हणाल्या की कडी तिसऱ्या फेरीला जास्त वाजते, आणि ते खरे होते. दुसऱ्या दिवशी त्या वाहिनीचा आवाज ३० वरून १८ केला.

यंत्राची मुदत ११ मार्च २०२६ पर्यंत आहे. मुदतवाढीचा अर्ज मी ऑक्टोबरमध्येच दिला, सोबत फ्लॉपीची एक प्रत आणि ठरावाची छायाप्रत जोडली. पुढच्या रचनेसाठी रूपकाची ५६ ओळींची पट्टी पुठ्ठ्यावर करून झाली आहे. पावरी या फुंकवाद्याचे सूर घेण्यासाठी साक्री तालुक्यातील एका वादकांना विचारले आहे. त्यांनी पीक निघाल्यावर या, असे सांगितले आहे.